मोडक्या लाइनवरची सायकल

आमच्या नातवाची सायकल एकवीस गिअरची आहे. तिला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, साधी घंटीसुद्धा नाही. जिच्यावर मागे कोणाला बसवता येत नाही ती सायकल कसली, असं मी म्हटलं की तो हसतो आणि टायरमधली हवा बघत बसतो. रविवारी सकाळी तो आणि त्याचा मित्र डोक्याला टोप चढवून निघतात आणि दोन तासांनी घामाने निथळत परत येतात. कुठे गेला होतात म्हणून विचारलं तर म्हणतात, कुठेच नाही, नुसते फिरून आलो. पूर्वी मला याचं हसू यायचं. हल्ली हेवा वाटतो. कुठेच न जाता सायकल चालवायची चैन आमच्या नशिबात नव्हती. आम्हाला सातच्या आत कंपनीच्या फाटकातून शिरायचं असायचं.

आम्ही म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. दोघींत मिळून सायकल एकच.

गोष्ट सासष्ट-सदुसष्ट सालची. मी तेव्हा तळवड्यात नुकतीच सून म्हणून आले होते. वय वीस, माहेर राजगुरुनगरचं, शिक्षण मॅट्रिक. आमचे हे फौजेत. वर्षातून एकदा महिनाभर यायचे, बाकीचे अकरा महिने मामंजी, आत्याबाई आणि मी असं तिघांचं घर. मामंजी म्हणजे माझे सासरे, आत्याबाई सासूबाई. उंचेपुरे, बोलायला कमी, आणि गावात दबदबा असा की ते चावडीपुढे बसलेले असले की येणारा-जाणारा सायकलवरून उतरायचा. तेव्हाची रीतच होती ती. वडीलधारं माणूस दिसलं की सायकलवरून खाली उतरायचं, दहा पावलं सायकल हातात धरून चालायचं, मग पुन्हा टांग टाकायची. आम्हा सुनांना सायकलीचा प्रश्नच नव्हता. आम्ही पदर पुढे ओढून, पायातल्या चपला हातात घेऊन त्यांच्यासमोरून जायचो. आज सांगितलं तर नातसून म्हणते, आजी, काहीतरीच! काहीतरीच तर काहीतरीच. आमचे हातपाय ते आपोआप करायचे, डोक्याला विचारत नव्हते.

मामंजींची निम्मी जमीन कारखान्यांसाठी गेली होती. त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. पण मला पिंपरीच्या एका औषधांच्या कंपनीतून पॅकिंगच्या कामाचं बोलावणं आलं आणि आत्याबाईंनी कपाळाला हात लावला, तेव्हा मात्र ते बोलले.

"जमीन कंपनीत गेली, तर घरातलं एक मानूस बी जाऊ दे," ते म्हणाले. "पन खाली मान घालून जायाचं आन खाली मान घालून यायाचं. आन ती नर्सबाई हिंडती तसं सायकलीवर कुठं दिसली, तर त्या दिशी नोकरी बंद."

गावात दर आठवड्याला एक नर्सबाई सायकलवर यायच्या. त्यांची पाठ वळली की पारावर काय काय बोललं जायचं, ते माझ्याही कानावर आलं होतं. मी मान हलवली. मला सायकल येतच नव्हती, कबूल व्हायला माझं काय जात होतं!

नोकरी मला हवी होती. घराला तिची गरज होती हे तर खरंच. पण आता या वयात खोटं कशाला बोलू, मला दिवसातले आठ तास कोणाचीही सून नसणं हवं होतं. तिथे पांढरा कोट आणि टोपी घातली की मी नुसती मी असायचे. समोरून औषधाच्या कुप्या सरकत यायच्या, त्यांना लेबलं लागली की खोक्यात भरायच्या, आणि ओळीतल्या बायांशी हवं तेवढं बोलायचं. मला ते काम मनापासून आवडलं.

पण दसऱ्यानंतर लागलेल्या आम्हा सगळ्याच जणी पहिले सहा महिने टेंपरवारी होतो. फाटकाशी पंचिंगचं घड्याळ होतं. सातच्या आत कार्ड घातलं तर निळा आकडा उमटायचा, सातनंतर तांबडा. एका महिन्यात तांबडे तीन झाले की सोमवारपासून येऊ नका. आणि तळवडं ते पिंपरी चालत पावणेदोन तास. पहाटे उठून गोठा, पाणी, भाकऱ्या उरकून सव्वापाचला घराबाहेर पडले तरच गणित जमायचं. पहिल्याच महिन्यात माझ्या कार्डावर दोन तांबडे आकडे पडले.

मी जायचे मोडक्या लाइनवरून. लढाईच्या काळात इंग्रजांनी लष्करी डेपोसाठी मोठ्या रेल्वेपासून एक फाटा आमच्या बाजूला आणला होता. लढाई संपल्यावर रूळ उचलून नेले. रुळांखालच्या लाकडांना गावात सिलीपाट म्हणायचे, ती हळूहळू गावातल्या गोठ्यांना आणि दारांना लागली. आमच्या गोठ्याच्या तुळईला पावसाळ्यात डांबराचा वास यायचा तो त्यामुळेच. मागे उरला तो मातीचा उंच बांध, सरळ रेघेत गेलेला, वर काळी खडी दाबून बसलेली. दोन्ही अंगांना बाभळी आणि तरवड. गाडीवाट वळणावळणाने जायची, लाइन मात्र नाकासमोर. शिवाय पहाटे गावच्या बायका त्या अंगाला परसाकडला जायच्या, त्यामुळे उजाडेपर्यंत कोणा पुरुषाने तिकडे फिरकायचं नाही असा गावाचा कायदाच होता. तो कोणी लिहिलेला नव्हता, पण मोडायची कोणाची छाती नव्हती.

या लाइनवर मला ती मैत्रीण भेटली. म्हणजे ओळख आधीची होती, गावातच राहायची ती. गावात मुसलमानांची चार घरं, त्यातलं एक त्यांचं. वडिलांचं निगडीच्या नाक्यावर सायकलचं दुकान होतं. ती माझ्याच वयाची, माझ्याहून वीतभर उंच, सातवी शिकलेली, आणि माझ्याआधी वर्षभर त्याच कंपनीत लागून कायम झालेली. आणि मुख्य म्हणजे गावची लेक. लेकीला जे माफ असतं ते सुनेला नसतं. ती लहानपणापासून सायकल चालवायची, मामंजींच्या अंगावरून घंटी बडवत जायची, आणि मामंजी मागून "ए भवाने!" म्हणून ओरडायचे. तेवढंच. गावनात्याने आमचे हे तिचे दादा, मामंजी तिचे तात्या आणि मी वयनी.

दुसऱ्या महिन्यात एका पहाटे मी लाइनवरून निम्मं चालत निम्मं पळत निघाले होते. मागून घंटी वाजली.

"वयनी, बसा मागं."

"नको गं बाई, कोणी बघेल."

"कोन बघनार? हितं येत्यात त्या समद्या खाली बघून बसत्यात."

मला इतकं हसू आलं की त्या हसण्यातच मी कॅरिअरवर बसले.

ती सायकल म्हणजे एक प्रकरण होतं. तिच्या वडिलांनी तीन मोडक्या सायकलींची मिळून ती एक जुळवली होती. पुढचं मडगार्ड हिरवं, मागचं काळं, आणि मधे दांडी नसलेली लेडीज फ्रेम कोणा पारशिणीची म्हणे. लुगड्याचा सोगा चाकात जाऊ नये म्हणून तिने मागच्या चाकावर दोन्ही बाजूंनी सुतळीची जाळी विणून बसवली होती. सीट होती तिच्या उंचीची. पेडल खाली गेलं की माझा नुसता अंगठा त्याला लागायचा. सीट खाली घे म्हटलं की ती म्हणायची, "तुझ्यासाठी खाली घ्यायची, माझ्यासाठी वर घ्यायची, रोज ह्योच धंदा करू का? त्यापरीस तूच उंच हो."

हे 'तुझ्यासाठी' म्हणजे पुढचं झालं. गावात मी कायम वयनी आणि अहो-जाहो होते. पण लाइनवर चढलं की ती मला सरळ 'अगं' म्हणायची. हे तिने एकदम ठरवूनच टाकलं, मला विचारलं नाही. ज्या दिवशी मी पहिल्यांदा सायकलवरून पडले त्याच दिवशी वयनी गेली. पडलेल्या माणसाला अहो-जाहो करत उचलता येत नाही, असं तिचं म्हणणं.

शिकवलं तिनेच. निम्म्या वाटेवर एक मोरी होती, ओढ्यावर दगडी बांधणीची. तिथे एक दिवस ती उतरली आणि म्हणाली, "आता तू. मी काय तुझी गाडीवान हाय?" तिथून पुढे महिनाभर मी जी पडले ती बाभळीत, तरवडात, एकदा तर बांधावरून खाली मेथीच्या वाफ्यात. गुडघे सोलून निघाले. घरी आत्याबाईंना सांगायचे, ठेच लागली. त्या म्हणायच्या, "बाई गं, एवढ्या ठेचा लागत्यात तर वाईच बघून चालत जा की." मला त्यांची दया यायची आणि स्वतःची लाज वाटायची. पण जमायला लागलं तेव्हा ती लाज कुठल्या कुठे पळाली, हेही सांगितलं पाहिजे.

मग मोरीपर्यंत तिने चालवायची आणि मोरीपासून मी, असं ठरून गेलं. संध्याकाळी उजेडी मात्र मी चालतच घरी यायचे. त्या थंडीतल्या सकाळी मला आजही जशाच्या तशा आठवतात. निघायचो तेव्हा अंधारच असायचा. डायनमोचा पिवळा उजेड खडीवर पडायचा, आणि आम्ही हळू झालो की तोही मंद व्हायचा. जिथे सिलीपाट होते तिथे आडवे खळगे राहिले होते, त्यावरून सायकल थडथड थडथड करत जायची आणि आमचं बोलणंही तसंच तुटत तुटत चालायचं. मोरीपाशी तांबडं फुटायचं. मोठ्या लाइनवरून पुण्याकडे गाडी जायची, तिच्या खिडक्यांतले दिवे एकामागून एक मावळल्यासारखे फिके दिसायचे. वारा आपल्या बाजूचा असला की कंपनीचा आंबूस वास यायचा, म्हणजे आता वीस मिनिटं राहिली. ती मागे बसून माझ्या पाठीला पाठ लावून भाकरीचा तुकडा खायची आणि मागे जाणारी वाट बघत मला सांगायची, कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या शेतात काय पेरलंय. उलटं बसायची ती. म्हणायची, पुढचं बघायला तू हायेस की.

मी इतकी सुखात होते तेव्हा! सासरी असं म्हणायची सोय नव्हती, म्हणून आता म्हणते.

पुढच्या चार महिन्यांत एकदाही तांबडा आकडा पडला नाही. सहावा महिना लागला आणि ग्रहच फिरले. एकदा गाय व्याली, एकदा आत्याबाईंना ताप भरला. होळी झाली तोवर त्या महिन्यातले माझे दोन तांबडे होऊन बसले होते. कायम करायची यादी लागायला आठवडा राहिला होता. आणखी एक तांबडा पडला की नोकरी गेली. आणि सायकलवर दिसले तरी नोकरी गेली. असं दोन्हीकडून.

त्या सकाळी मोरीपाशी बाभळीचा काटा टायरमध्ये घुसला. ती शांतपणे खाली बसली, पिशवीतला पाना काढला, ट्यूब बाहेर ओढली, गालाशी धरून हवा कुठून येते ते शोधलं. मी तिच्या डोक्यावर उभी राहून "आवर गं, आवर गं" म्हणत होते.

"तू गप ऱ्हा, न्हाईतर ठिगळ तुझ्या तोंडाला लावीन," ती म्हणाली.

ठिगळ लागलं, हवा भरली, तोवर सूर्य बाभळीच्या शेंड्यांवर आला होता. पुढची वाट माझी. मी सीटवर बसले, ती मागे, आणि जीव खाऊन पेडल मारायला लागले. उजाडलंय, म्हणजे आता लाइनवर पुरुष माणसं येणार, हे डोक्यातच आलं नाही. डोक्यात फक्त घड्याळ होतं.

समोरून काठी टेकत एक माणूस येत होता. खांद्यावर घोंगडी, डोक्याला पटका. पन्नास पावलांवर असताना मी ती चाल ओळखली. मामंजी.

ते तिथे का, ते मला नंतर कळलं. आमच्या गेलेल्या जमिनीत एक आंबा होता, अजून तोडलेला नव्हता. मामंजी रोज पहाटेच निघून तो बघायचे आणि उजाडल्यावर परत यायचे. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी त्यावर बोलत नव्हतं. त्यांच्या नेहमीच्या वाटेवर त्याच आठवड्यात तारेचं कुंपण पडलं, म्हणून ते लाइनवर चढले होते.

तिने मान वळवून बघितलं आणि माझ्या कानाशी कुजबुजली, "थांबू नगं. तोंडातनं शबुद काढू नगं. तात्यांना दिसत न्हाई. तशीच सरळ काढ."

खरं होतं. मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चालला होता. पाच हातांवरचं माणूस ते आवाजावरून ओळखायचे. मी नुसती पुढे गेले असते, तर त्यांना सायकलवरून काहीतरी गेलं एवढंच कळलं असतं. मला हे कळत होतं. वीस पावलं, दहा पावलं, कळत होतं.

आणि मी उतरले.

कशी उतरले ते देवाला ठाऊक. ब्रेक दाबला कधी, पाय टेकला कधी, काही आठवत नाही. ती मागे कॅरिअरवरून पडता पडता वाचली. मी वाटेच्या कडेला उभी, पदर कपाळाच्या खाली ओढलेला, एका हातात सायकल आणि दुसऱ्या हातात माझ्या चपला. तळपायांना गार खडी टोचली तेव्हा मी काय करून बसले ते मला समजलं.

मामंजी थांबले.

"कोन?"

"मी हाय तात्या," ती म्हणाली.

"तू व्हय. आन संगं कोन?"

"कुनी न्हाई. एकलीच हाय."

मामंजींनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "एकली हायेस, तर उतरलीस कशापायी? एवढीशी व्हतीस तवापासनं माझ्या अंगावरनं घंटी बडवत जातीस. तू कवा उतरलीस माझ्यासाठी?"

मामंजींना दिसलं काही नव्हतं, पण चाक थांबलेलं ऐकू आलं होतं, खडीवर चपला काढलेल्या ऐकू आल्या होत्या. न थांबता पुढे गेले असते तर मी कोणीही असते. मान दिला आणि स्वतःच स्वतःची ओळख सांगून बसले, की मी तुमच्या घरची सून. इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नसेल जितका त्या वेळी माझ्याच पायांचा आला. सहा महिने सोललेले गुडघे, कुप्या, पांढरा कोट, सगळं संपलं असं वाटून माझे डोळे भरून आले.

मोठ्या लाइनवरून एक मालगाडी चालली होती, ती पुरी जाईपर्यंत मामंजी तसेच उभे होते.

"भोंगा कितीला व्हतो?"

"सातला," ती म्हणाली.

"मग हितं काय करताय?"

मी चपला पायात सरकवल्या. सायकल सरळ केली. मामंजी आमच्या बाजूने पुढे निघाले. चार पावलं गेल्यावर, मागे न वळता म्हणाले, "आन पुन्यांदा उतरायचं न्हाई. मला काई दिसत न्हाई."

त्या दिवशी मी रडत सायकल चालवली. ती मागून सारखी म्हणत होती, "चपला काढल्या! अगं, सायकलीवरनं उतरून चपला काढल्या! माझ्या बाई!" आणि हसत होती, आणि मग तिलाही रडू आलं. कार्डावर आकडा पडला सहा अठ्ठावन. निळा.

संध्याकाळी घरी गेले. मामंजी ओसरीवर बसले होते. नेहमीसारखं पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे भाकरी बांधताना आत्याबाई म्हणाल्या, "तुझ्या मामंजींनी त्या आंब्याच्या कैऱ्या आनल्यात. म्हनले, डब्यात दोन फोडी घाल, एक नगं, दोन घाल. का, ते इचारलं तर सांगत्यात कुठं!" दुसरी फोड कोणासाठी ते मला समजलं.

आठवड्याने यादी लागली आणि मी कायम झाले.

उतरायचं नाही, हे ऐकायला सोपं आहे. उन्हाळा लागला, दिवस लवकर उगवायला लागला आणि मामंजी आम्हाला रोजच लाइनवर भेटू लागले. ती मागून म्हणायची, "वाजव." मी घंटी वाजवायची. ते कडेला सरकून शेताकडे तोंड करून उभे राहायचे आणि मी सासऱ्यांच्या अंगावरून सायकल घेऊन जायची. रोज वाटायचं, उतरावं, पाया पडावं. पण त्यांनी सांगितलं होतं उतरायचं नाही, आणि त्यांचा शब्द मोडायची माझी प्राज्ञा नव्हती. न उतरणं हाच मान, हे डोक्याला पटायला उशीर लागला नाही, पायांना फार लागला.

पुढच्या वर्षी आमचे हे सुट्टीवर आले आणि मामंजींना पुण्याला सरकारी दवाखान्यात नेऊन दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून आणली. जाड भिंगांचा चष्मा आला. पहिल्याच दिवशी त्यांनी गोठ्यातली गाय किती वाळली आहे ते आत्याबाईंना सुनावलं, भिंतीचा पोपडा दाखवला. घरात सगळे आनंदात. मला मात्र लाइन आठवली. आता ते 'दिसत नाही' कुठून आणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लाइनवर चढलो. समोरून ते आले. चष्म्याची भिंगं उन्हात लांबूनच चमकली. तीस पावलं राहिली असतील. मी घंटी वाजवली. मामंजी कडेला सरकले, चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसायला लागले, आणि आम्ही पुढे जाईपर्यंत पुसत राहिले.

"बया!" ती मागून म्हणाली. ती उलटी बसायची ना, तिला मागचं दिसायचं. "आत्ता घातला."

त्यानंतर रोज. घंटी वाजली की मामंजींच्या चष्म्यावर धूळ बसायची. लाइनवर एवढी धूळ नव्हती.

दोन वर्षं अशी गेली. मग तिचं लग्न ठरलं. दिघीला दिली. दिघी म्हणजे काही लंडन नव्हे, लाल गाडीने गेलं तर तासाभराची वाट. पण तिने नोकरी सोडायची असं सासरच्यांनी सांगितलं आणि विषय संपला. मला तिच्या सासरचा फार राग आला, आणि तिला माझ्या रागाचं हसू आलं. नंतर आम्ही भेटत राहिलो, लग्नांना, ईदेला, तिच्या मुलांच्या बारशांना. आजही फोनवर ती मला अगं म्हणते. पण तिच्या पाठीला पाठ लावून जाणारी ती सकाळ पुन्हा मिळाली नाही. लाइनही राहिली नाही. तिच्यावरून आता रुंद रस्ता गेला आहे, आणि रविवारी आमचा नातू तिथून जातो हे त्याला सांगूनही खरं वाटत नाही.

तिच्या शेवटच्या दिवशी आम्ही नेहमीसारख्या निघालो. त्या सालात आमचा आंबा तोडला होता, तरी मामंजी जायचे. काय बघायला जायचे कोण जाणे. मोरीनंतर मी चालवत होते. ते दिसले. मी घंटी वाजवली. त्यांनी चष्मा काढला.

"थांब," ती म्हणाली.

"अगं, थांबायचं नाही."

"तुला न्हाई. मला थांबायचंय."

मी ब्रेक दाबला. ती उतरली, पदर डोक्यावर घेतला, आणि चपला काढून हातात घेतल्या. उभ्या जन्मात पहिल्यांदा. मामंजी चष्मा पुसायचे थांबले.

"तात्या, मी जातीय. शुक्रवारी निकाह हाय."

मामंजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. काड्या कानांमागे नीट बसवल्या. तिच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी सायकलवर तशीच बसलेली, एक पाय टाच उंचावून खडीवर टेकवलेला, पदर खांद्यावर. उतरायचं नाही म्हणून सांगितलं होतं, मी उतरले नाही. इतक्या वर्षांत त्यांनी मला सायकलवर पाहिलं ते त्या दिवशी.

"तिला सीट लई उंच हाय," ते तिला म्हणाले. "जायाच्या आदी खाली घेऊन दे."

आणि काठी टेकत निघून गेले.

तिने पिशवीतून पाना काढला. मला उतरवलं, नट सैल केला, सीट हाताने ठोकून ठोकून खाली बसवली, मला बसवून पाहिलं, पुन्हा उतरवून अजून दोन बोटं खाली घेतली. नट घट्ट आवळला. सायकल तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे, अब्बा काय म्हनत न्हाईत, असं काहीतरी ती बोलत होती आणि वर बघत नव्हती. मग ती मागे जाऊन उलटी बसली, माझ्या पाठीला पाठ लावली आणि म्हणाली, "चल, उशीर व्हतोय."

सीट अगदी बरोबर झाली होती. पहिल्यांदाच माझे पाय पुरते पोचत होते, आणि मला पेडल मारवेना.